वसईचा गोन्सालो, सामुराईंच्या देशात

सबमिशनच्या आदल्या रात्री पिक्चर बघण्यात जी मजा असते ती इतर कुठल्याच रात्री नसते, हे होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या रात्री वर्तकनगरच्या आमच्या खोलीत एका कॉम्प्युटरसमोर सात जण दाटीवाटीने बसले होते आणि पडद्यावर सामुराई तलवारी परजत होते. मी जरा जास्तच भाव खात होतो, कारण आठ महिने मी दर रविवारी जपानी भाषेच्या क्लासला जातोय. पडद्यावर कुणी काही बोललं की मी लगेच अर्थ सांगायचो. दहातले तीन शब्द कळायचे, बाकीचे सात ठोकून द्यायचो.

माझा रूममेट वसईचा. तो भिंतीकडे तोंड करून जर्नल उतरवत होता. मान वर न करता तो म्हणाला, की आमच्या वसईचा एक माणूस खऱ्या सामुराईंमध्ये राहिलाय, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललाय आणि त्यांच्याच भाल्याने मेलाय. सगळे खो खो हसले. त्याने शांतपणे पाकिटातून एक छोटंसं चित्र काढून माझ्या हातात दिलं. क्रुसावर बांधलेला एक माणूस, दोन्ही बाजूंनी भाले. खाली नाव होतं, संत गोन्सालो गार्सिया.

मला लाज वाटली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. ट्रॅफिक नसेल तर घोडबंदर रोडने बाइकवर किती वेळ लागतो? आणि मला मियामोतो मुसाशीची सगळी द्वंद्वं पाठ, पण ह्या माणसाचं नावही माहीत नाही! त्यानंतर लायब्ररीत आणि रूममेटच्या घरच्या पुस्तकांत मिळेल ते वाचत गेलो.

वाचत राहायला आणखी एक कारण होतं. मी गेल्या वर्षी मेस सेक्रेटरी होतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल. पोरं मेसवाल्याला उद्देशून जे शब्द वापरायची ते मी त्याच्यापर्यंत गाळून न्यायचो. तो जे बोलायचा ते पोरांपर्यंत गाळून आणायचो. शेवटी भाजीत पाणी जास्त झालं की पोरं म्हणायची सेक्रेटरी विकला गेलाय, आणि मेसवाला म्हणायचा की सेक्रेटरीच पोरांना भडकावतो. दोन बाजूंच्या मधे उभं राहून बोलणाऱ्याचं काय होतं, याचा थोडासा अनुभव गाठीशी होता. गोन्सालो आयुष्यभर दुभाषी होता.

त्याचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराला वसईचा. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, त्याला तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षं झाली होती. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच, धर्मांतर केलेल्या घरातली. अशी मुलं त्या काळी किल्ल्यात बरीच असत. पोर्तुगालमधून बायका फारशा येत नसत, त्यामुळे शिपायांनी इथेच संसार थाटले. या मुलांचं गणित अवघड असे. गावाच्या लेखी ती फिरंगी आणि फिरंग्यांच्या लेखी अर्धीच फिरंगी. चर्चमध्ये लॅटिन, बापाची पोर्तुगीज, आईची आणि बाजारातली इथली बोली, एवढ्या भाषा लहानपणापासून कानावर.

किल्ल्यातल्या जेझुइट पाद्रींकडे गोन्सालो शिकला. जेझुइट म्हणजे सेंट झेवियरचा संघ. स्वतः झेवियर वसईला येऊन गेला होता, आणि १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला होता. त्यामुळे वसईच्या पोरांना जपान हे नाव नवीन नसणार. पंधरा वर्षांचा असताना, १५७२ मध्ये, गोन्सालो सेबास्तियन गोन्साल्विस नावाच्या पाद्रींबरोबर जपानला निघाला. पंधरा वर्षं म्हणजे आपली दहावी. आपण दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यावर घरी आठ दिवस भांडतो. तो मलाक्का आणि मकाववरून पाल्याच्या जहाजाने निघाला, वारा बदलायची वाट बघत, बंदराबंदरात मुक्काम करत. पुन्हा वसई त्याने कधी पाहिली नाही.

तो ज्या जपानमध्ये उतरला तो पिक्चरमधल्या जपानसारखा शिस्तीत नव्हता. शंभर वर्षं देशात एकमेकांची डोकी उडवणं चाललं होतं. क्योतोत सम्राट होता पण नावापुरता, आपल्याकडे साताऱ्याला छत्रपती आणि कारभार पुण्यात असं पुढे झालं तसं काहीसं. खरी सत्ता मुलखामुलखातल्या दायम्योंची, म्हणजे सरदारांची. दायम्योच्या पदरी सामुराई. सामुराई या शब्दाचं मूळ पदरी राहून सेवा करणारा असं आहे, हे मला क्लासमध्ये कळलं तेव्हा गंमत वाटली. आपल्याला वाटतं सामुराई म्हणजे एकटा, स्वाभिमानी, कुणाचं न ऐकणारा. शब्दात मात्र चाकरी आहे. ज्याचा धनी मेला किंवा ज्याला धन्याने काढून टाकलं तो रोनिन, लाटेवर वाहणारा माणूस. आपला शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, तसे तिथेही वरचे-खालचे सामुराई होते. पगार तांदळात मोजायचे. त्याचं माप कोकू. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. अमुक सरदार किती मोठा असं विचारलं की उत्तर कोकूंत मिळायचं.

पायदळात आशिगारू, म्हणजे शेतकऱ्यांची पोरं. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक आली. जपानी लोहारांनी ती उघडून बघितली आणि थोड्याच वर्षांत स्वतः बनवायला लागले. (रिव्हर्स इंजिनिअरिंगची व्हायवात विचारली तर ही केस सांगा, सर खूश होतील.) १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधारी आशिगारूंनी ताकेदा घराण्याच्या नामांकित घोडदळाची वाताहत केली. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बसायला शिकलेला सामुराई कालपर्यंत भात लावणाऱ्या पोराच्या गोळीने मेला. गोन्सालो तेव्हा जपानमध्येच होता, अठरा-एकोणीस वर्षांचा.

तो भाषा फार लवकर शिकला, यावर सगळ्या चरित्रांचं एकमत आहे. मला त्याचं एक कारण सुचतं. वाक्याची मांडणी जपानी आणि मराठीची सारखी आहे. मी भात खातो हे इंग्रजीत नेताना क्रियापद उचलून मधे ठेवावं लागतं. जपानीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, सगळं जागच्या जागी. आपल्या ला, ने, त सारखे प्रत्ययही शब्दाच्या मागे लागतात. आमच्या क्लासमध्ये मराठी पोरं व्याकरणात पुढे असतात ती उगाच नाही. पोर्तुगालहून आलेल्या पाद्रींना जिथे घाम फुटायचा तिथे आईच्या बोलीत वाढलेल्या या पोराला वाट सापडली असणार. शिवाय आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. जपानीत त्याच्याही पुढे मजल आहे. समोरचा कोण आणि आपण कोण यावर क्रियापदच बदलतं. धन्याचं खाणं वेगळं, स्वतःचं खाणं वेगळं. एक पायरी चुकली की अपमान, आणि कमरेला दोन तलवारी लावून बसलेल्या माणसाचा अपमान म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आठेक वर्षं तो जेझुइटांबरोबर राहिला. पाद्रींच्या मागे फिरायचं, त्यांचं बोलणं जपानीत करायचं, लोकांना धर्म शिकवायचा. त्याला स्वतःला जेझुइट व्हायचं होतं. वचनं मिळाली, पण संघात घेतलं नाही. मिश्र रक्ताच्या मुलांना घ्यायला तेव्हा संघात नाखुशी होती, आणि माझ्या मते गोन्सालोचं घोडं तिथेच अडलं. आठ वर्षं ज्यांची जीभ होऊन राहिला त्यांनी घरात घेतलं नाही. याबद्दल कुठल्याच पुस्तकात फार लिहिलेलं नाही. मला मात्र त्याच्या चरित्रातली ही सगळ्यात मोठी घटना वाटते, पुढच्या क्रुसापेक्षाही.

तो सरळ निघाला आणि व्यापारी झाला. चांगला चालला त्याचा व्यापार. पूर्वेकडच्या बंदरांतून जहाजं यायची-जायची, आणि ज्याला चार भाषा येतात तो बाजारात उपाशी राहत नाही. आपल्यातला एखादा असता तर इथेच गोष्ट संपली असती, फ्लॅट, गाडी वगैरे. पण व्यापारानिमित्त तो फिलिपिन्सला मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन साधूंच्या संगतीत पडला. हे साधू जाडंभरडं वस्त्र, कमरेला दोरी आणि भिक्षेवर जगणं असे. दुकान बंद करून तो त्यांच्यात गेला आणि १५८८ च्या सुमाराला त्याने दीक्षा घेतली. पाद्री नाही, साधा ब्रदर. मिस्सा करायचा अधिकार नाही. स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, पडेल ते काम करायचं.

आणि मग जपानने त्याला परत बोलावलं.

मधल्या काळात तिकडे बरंच घडलं होतं. १५८२ मध्ये नोबुनागाला त्याच्याच सरदाराने दगा दिला आणि त्याच्या जागी तोयोतोमी हिदेयोशी वर आला. हिदेयोशीची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. हा मूळचा गरीब घरातला, बाप आशिगारू. नोबुनागाच्या पदरी जोडे सांभाळायला होता, आणि थंडीत धन्याच्या पायांना गार लागू नये म्हणून त्याने जोडे स्वतःच्या छातीशी धरून ऊबदार ठेवले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे राणोजी शिंद्यांची आणि बाजीरावाच्या जोड्यांची गोष्ट सांगतात ना, तीच! दोन देशांत एकच गोष्ट कशी उगवली कुणास ठाऊक. बहुतेक चाकरीवर उभ्या असलेल्या प्रत्येक समाजाला अशी एक जोड्यांची गोष्ट लागते.

पण स्वतः वर चढल्यावर हिदेयोशीने पहिलं काम केलं ते शिडी काढून घेण्याचं. १५८८ मध्ये हुकूम काढून शेतकऱ्यांकडची तलवारी-भाले सगळे जप्त केले. सांगितलं काय, तर या लोखंडाचे खिळे क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला लागतील आणि तुम्हाला पुण्य लागेल. १५९१ मध्ये आणखी एक हुकूम. सामुराईने शेतकरी किंवा व्यापारी व्हायचं नाही, शेतकऱ्याने गाव सोडून व्यापार करायचा नाही. सगळ्या देशाची जमीन मोजून कोकूंत मांडली. म्हणजे आशिगारूच्या पोराने असा देश बनवला की ज्यात आशिगारूचं पोर पुन्हा हिदेयोशी होऊ शकणार नाही. सामुराई ही जात म्हणून पक्की झाली ती इथून. पिक्चरमध्ये दिसतो तो सामुराई त्यानंतरचा.

मग त्याला परदेश दिसायला लागला. १५९२ मध्ये त्याने कोरियावर फौजा पाठवल्या, आणि मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला कळवलं की शरण या. मनिलाकडे त्याच्याशी लढायला सैन्य नव्हतं. गव्हर्नरने वकील पाठवला. तो परतताना वाटेतच मेला. मग १५९३ मध्ये दुसरी वकिलात निघाली. तिचा प्रमुख पेद्रो बाप्तिस्ता हा फ्रान्सिस्कन, आणि दुभाषी आमचा गोन्सालो, वय छत्तीसच्या आसपास.

हिदेयोशीचा तळ तेव्हा क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात होता. कोरियाच्या मोहिमेसाठी समुद्रकाठी मुद्दाम उभारलेला किल्ला आणि आजूबाजूला देशभरच्या दायम्योंच्या छावण्या. आज जपानमध्ये नागोया म्हणून मोठं शहर आहे ते हे नव्हे. त्या दरबारात चार अनवाणी साधू गेले. एका बाजूला स्पेनचा गव्हर्नर, त्याला मैत्री आणि व्यापार हवा, पण खंडणी द्यायची नाही. दुसऱ्या बाजूला हिदेयोशी, त्याला शरणागती हवी, मैत्री म्हणजे त्याच्या लेखी खंडणीच. आणि या दोघांमध्ये एकच तोंड, वसईचं. शब्द फार कडक नेला तर मनिलावर आरमार, फार मऊ नेला तर स्पेनचा विश्वासघात. मी या प्रसंगाशी बराच वेळ थांबलो होतो. आमच्या मेसच्या मीटिंगमध्ये जास्तीत जास्त काय झालं असतं, तर दोन दिवस मेस बंद आणि वडापाव.

शब्द निभावले. युद्ध टळलं. मनिलाहून उत्तर येईपर्यंत साधूंनी जपानमध्येच राहायचं ठरलं, म्हणजे पाहुणे म्हणा की ओलीस म्हणा. हिदेयोशीने त्यांना क्योतोत जागा दिली. १५८७ मध्ये पाद्रींनी देश सोडावा असा त्याचाच हुकूम होता, आणि तो रद्दही झालेला नव्हता. तो नुसता कपाटात ठेवलेला होता. असे हुकूम सगळ्यात वाईट. कधी बाहेर काढतील सांगता येत नाही.

क्योतोत या लोकांनी चर्च बांधलं आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. जपानी समाजात उतरंड आपल्यासारखीच होती. कातडं कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे, कुष्ठरोगी, सगळे गावाबाहेर, त्यांना शिवायचं नाही. जेझुइटांनी तोपर्यंत वरून खाली असा मार्ग धरला होता. आधी दायम्यो, मग त्याची प्रजा. त्यासाठी ते जपानी रीतीभाती काटेकोर पाळायचे, सरदारांकडे जाताना त्यांना शोभेल असं राहायचे. त्यात बराच व्यवहारीपणा होता आणि तो मला पटतोही. फ्रान्सिस्कन उलट्या टोकाने सुरू झाले. दोन्ही संघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पत्रापत्री आणि तक्रारी भरपूर. जेझुइटांचं म्हणणं होतं की हे लोक उघड प्रचार करून सगळ्यांना संकटात आणणार. ते अगदीच चूक नव्हते, हेही इथे लिहायला पाहिजे. पण जखमा धुणाऱ्या ब्रदरला रोग्यांशी त्यांच्याच भाषेत बोलता येत होतं, हेही खरं. दरबारातली जपानी वेगळी आणि दवाखान्यातली वेगळी. गोन्सालोला दोन्ही येत होत्या.

त्या शहरात तेव्हा वातावरण चांगलं नव्हतं. हिदेयोशी म्हातारा होत चालला होता, उशिरा झालेल्या मुलावर जीव होता आणि संशयाने पछाडला होता. आधी वारस म्हणून नेमलेल्या पुतण्याला, हिदेत्सुगूला, त्याने १५९५ मध्ये पोट चिरून घ्यायला लावलं, आणि त्याच्या घरातल्या तीसहून अधिक बायका-मुलांची क्योतोच्या नदीकाठी भर लोकांत मुंडकी उडवली. १५९६ च्या सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप झाला. हिदेयोशीचा फुशिमीचा किल्ला कोसळला, आणि शेतकऱ्यांच्या तलवारींचं पुण्य लागलेला तो महाबुद्धही मोडला.

त्यानंतर दीडेक महिन्याने सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं, मालाने खच्चून भरलेलं. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी माल जप्त केला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने धाक घालावा म्हणून जगाचा नकाशा पसरला, स्पेनचा मुलूख दाखवला, आणि एवढा मुलूख मिळवला कसा या प्रश्नावर सांगितलं की आधी पाद्री जातात, मागून सैन्य, असं म्हणतात. तो खरंच असं बोलला का, यावर दोन्ही संघ पुढे कित्येक वर्षं भांडले. बोलला असेल-नसेल, हिदेयोशीने कपाटातला हुकूम बाहेर काढला. बोलणारा तिसराच, आणि किंमत मोजली ती शब्द जपून वापरणाऱ्याने. मला हे वाचून इतका राग आला होता की मी ते पान रूममेटला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्याकडे हे सगळ्यांना माहितीये.

डिसेंबर १५९६ मध्ये पहारे बसले. यादी झाली. सहा फ्रान्सिस्कन, त्यांच्या आसपासचे जपानी भाविक, आणि ओसाकाच्या घरात सापडलेले तीन जपानी जेझुइट. त्यातला पावलो मिकी सामुराई घराण्यातला. हुकूम नाक-कान कापायचा होता, अधिकाऱ्याने तो सौम्य करून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यावर आणला. ३ जानेवारी १५९७ ला क्योतोच्या रस्त्यावर हे झालं. मग बैलगाड्यांतून क्योतो, ओसाका, साकाई अशी धिंड, आणि पुढे भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. साधारण आठशे किलोमीटर. ठाण्याहून नागपूर समजा. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची देखभाल करायला आलेले दोघे त्यांच्यातच धरले गेले आणि सव्वीस झाले. त्यात लुईस नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. गोन्सालो पंचवीस वर्षांपूर्वी जपानला आला तेव्हा हे बंदर पोर्तुगीज जहाजांना नुकतंच खुलं झालं होतं. टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने ठेवले होते. खिळे नाहीत, दोऱ्या आणि लोखंडी कड्या. सामुराईला पोट चिरून स्वतःच्या हाताने मरायचा मान असे. क्रूस हा चोर-दरोडेखोरांचा मृत्यू. पावलो मिकीला तो मान नाकारला गेला, आणि पुस्तकं सांगतात की त्याने क्रुसावरून जमलेल्या गर्दीला शेवटचं प्रवचन दिलं. दोन-दोन भालेकरी एकेका क्रुसाशी गेले आणि दोन्ही कुशींतून भाले वर खुपसले. सव्वीसपैकी वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा तरुण आणि एक वसईकर. गोन्सालोचं वय चाळीसच्या आसपास होतं.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी मेला. तोकुगावा आले आणि त्यांनी बंदी आणखी कडक केली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानमधून कायमचं हाकललं. बरोबर शंभर वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली. त्याआधी १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता, ज्यात आता जेल आहे.

रोमने गोन्सालोला १६२७ मध्ये धन्य आणि १८६२ मध्ये संत घोषित केलं. २००८ मध्ये केरळच्या अल्फोन्सा संत झाल्या तेव्हा काही ठिकाणी पहिल्या भारतीय संत असं छापून आलं. पहिल्या भारतीय स्त्री संत म्हणायला हवं होतं, वसईकरांना हे अजून लागतं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ब्राझीलची आहे. १७४५ मध्ये तिथल्या रेसिफे शहरातल्या मिश्र रक्ताच्या लोकांनी गोन्सालोचा मोठा उत्सव केला. हा आमच्यासारखा होता, हा आमचा, असं त्यांचं म्हणणं. ज्या कारणाने, मला वाटतं, त्याला एका संघाने दारात ठेवलं, त्याच कारणाने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांनी त्याला घरात घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत रूममेटबरोबर वसईला गेलो. किल्ल्यातल्या पडक्या भिंतींमध्ये गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे, ते त्याने दाखवलं. त्याच्या नावाचं कॉलेज वाटेत लागलं, आत पोरं क्रिकेट खेळत होती. घरी त्याची आजी लाल लुगड्यात ओट्यावर बसली होती. मी जपानी शिकतो हे कळल्यावर तिने मला समोर बसवून बोलायला लावलं. मी क्लासमध्ये घोकलेली स्वतःची ओळख म्हणून दाखवली. आजीने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, की हे सगळं त्याला येत होतं का. मी म्हटलं, याच्या शंभरपट येत होतं.

नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ पासून सव्वीस जणांचं स्मारक आणि संग्रहालय आहे. ओळीने सव्वीस मूर्ती आहेत. आजीला त्यातल्या गोन्सालोच्या मूर्तीचा मोठा फोटो हवाय, आणि तो मागणारं पत्र मी जपानीत लिहावं असा तिचा हट्ट. एका रविवारी मी पानभर पत्र लिहून सेन्सेईंना दाखवलं. त्यांनी सात ठिकाणी लाल शाईने खुणा केल्या. व्याकरण ठीक होतं, पण आजीसाठी मी जे क्रियापद वापरलं होतं ते मान देणारं होतं. परक्याशी बोलताना आपल्या घरच्या माणसाला मान देत नाहीत, खालच्या पायरीवर ठेवतात, असा तिथला नियम आहे. मी म्हटलं, आजी माझ्या घरची नाही, मित्राची आहे. सेन्सेई थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, की मग हे आधी ठरव, पत्र तू कोणत्या घरातून लिहितोयस. पत्र अजून माझ्या टेबलावरच आहे. सबमिशन झालं की पाठवणार आहे.